आईसाठी स्थळ

तिसऱ्या बाईला आईनं जन्मवेळ विचारली, तेव्हा निकम सिस्टरच्या हातातला पोह्यांचा चमचा बशीत पडला.

"आता हिचीही जन्मवेळ कशाला?" सिस्टर म्हणाल्या.

"आणि जन्मगाव," आई म्हणाली. "नुसता तालुका सांगितला तरी भागेल. पुढचं मी बघते."

तिसरी बाई उंब्रजहून आली होती. चांगली पन्नाशीची, शांत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सिस्टरना विचारलं, "म्हातारीला बघायचं काम हाय म्हनला हुता न्हवं?"

"म्हातारीच विचारतेय," आई म्हणाली.

जन्मवेळ त्या बाईला ठाऊक नव्हती. आईनं समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाली, "बरं, विचार करून कळवतो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. दोन दिवसांनी त्या बाईच्या पत्त्यावर छापील कार्ड जाणार होतं: 'आपल्या स्थळाचा विचार केला. योग नाही. कळावे.'

माझी आई, द्वारकाबाई बावडेकर, कराडमध्ये चाळीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवत होती. बाहेरच्या खोलीत एक टेबल, दोन कपाटं, शाईचे डाग पडलेली चटई आणि पत्रिकांच्या जाडजूड वह्या. तिनं सहाशे बारा लग्नं जमवली. मोडलेली वजा करून सहाशे बारा, हे ती न विचारता सांगायची. तिच्या दुकानातला एकच माल खपला नव्हता, तो म्हणजे मी. तेवीस मुलांनी मला पाहिलं. अकरांना मी नको म्हटलं, अकरांनी मला नको म्हटलं आणि एक जण दोन बशा पोहे खाऊन जो गेला तो आजतागायत काही बोललेला नाही.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरीला. आई अठ्ठ्याहत्तरची. आदल्या दिवाळीत ती अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण उठायला, अंघोळीला, मोरीपर्यंत जायला तिला माणसाचा हात लागायचा. तो हात माझा. बाबा जाऊन खूप वर्षं झालेली आणि भावंडं मला नाहीत. मी बँकेत असताना शेजारच्या काकू येऊन बसायच्या, पण त्यांचेच गुडघे असे की दोघींपैकी कोण कुणाला उठवतंय ते कळायचं नाही.

आणि त्यातच मी प्रेमात पडले होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य स्वतःशी म्हणतानासुद्धा मला हसू फुटायचं. काउंटरवर नोटा मोजताना फुटायचं, ते बघून एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून नोटा परत मोजून घेतल्या होत्या. चिपळूणला आईनंच जमवलेल्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी फडतरे बसले होते. चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवायचे, वय चोपन्न, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. वाढप्यानं माझ्या पानात जिलबी वाढली नाही म्हणून त्यांनी स्वतःची उचलून ठेवली आणि म्हणाले, "मला गोड चालत नाही, पण वाया गेलेलं त्याहून चालत नाही." एवढ्यावर सुरू झालेलं बोलणं दीड वर्ष चाललं होतं. रजिस्टर लग्नाची नोटीस देऊन झाली होती. आठ मे, गुरुवार. मी बँकेकडे चिपळूणची बदली मागून घेतली होती आणि पाच तारखेला, सोमवारी, तिथं हजर व्हायचं होतं.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त एवढंच सांगितलं, की बदली आली. साफ खोटं. पण बदलीला कुणाची इच्छा लागत नाही, वरून कागद येतो आणि माणूस जातो. लग्नाला मात्र इच्छा लागते. मोडक्या खुब्याच्या आईला घरात ठेवून मला लग्न करायचंय, हे तिच्या तोंडावर म्हणण्याची मला लाज वाटत होती. तिला चिपळूणला चल म्हटलं, तर "माझी कपाटं तुझा बाप उचलणार का?" म्हणाली. म्हणून मग ठरवलं, की आधी आईजवळ चोवीस तास राहणारी चांगली बाई मिळवायची, मग बॅग भरायची. बाई मिळाली नाही तर जायचं नाही. तसं मी फडतऱ्यांना फोनवर सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "मी थांबेन." आणि ते खरोखर थांबले असते, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

निकम सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. घरी राहून म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बायका त्या शिकवून तयार करायच्या आणि घरोघर पाठवायच्या. त्यांची एक पद्धत होती: बाई आधी घरी आणून दाखवायची, पेशंटनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं, तरच ठेवायची. "घरच्यांनी लादलेली बाई टिकत नाही," त्या म्हणायच्या. "पेशंट ताट भिरकावतो आणि माझी मुलगी दुसऱ्या दिवशी परत येते."

बाई आणून दाखवायची, हे आईच्या कानावर पडलं मात्र, तिच्या अंगात वारंच संचारलं. पडल्यापासून मलूल झालेली ती उशीला टेकून ताठ बसली.

"कितीला येणार? चारला? मग साडेतीनला पोहे भिजव. आणि मला ती जांभळी साडी काढ."

"आई, ती कामाला येणारी बाई आहे."

"मग? कामाला येणाऱ्या बाईला भूक नसते?"

सिस्टरनी पेशंटच्या माहितीचा फॉर्म दिला होता. साखर, रक्तदाब, औषधं, पथ्य. आईनं तो बाजूला सारला आणि आपल्या केंद्राचा छापील अर्ज भरून सिस्टरच्या हातात ठेवला. रंग, उंची, शिक्षण, गोत्र, आणि शेवटी अपेक्षांचा रकाना. त्यात लिहिलं होतं: 'निर्व्यसनी. घोरणारी नको. मालिका बघताना पुढची गोष्ट सांगणारी नको. चहा उकळू देणारी.'

पहिल्या बाईचे आणि आईचे साडेअकरा गुण जमले. योग नाही. दुसरीला मंगळ निघाला.

"तुम्हाला मंगळ असून काय होणार आहे?" सिस्टरनी कपाळावर हात मारला. "माझ्या मुली नोकरीला येतात हो आजी, नांदायला नाही येत!"

"चोवीस तास एका छपराखाली राहायचं," आई बोटं मोडत म्हणाली, "एका मोरीत अंघोळ करायची, एकमेकींचं घोरणं ऐकायचं, एकीनं मीठ जास्त टाकलं तर दुसरीनं गिळायचं. नांदणं म्हणजे आणखी काय असतं, सिस्टर?"

मला हसू आवरेना म्हणून मी चहाचं निमित्त करून आत पळाले. आत गेल्यावर मात्र रडू आलं, कारण कॅलेंडरवर पंचवीस एप्रिल होता.

तिसरी उंब्रजची बाई अशी गेली, जन्मवेळेवाचून. मग एक मे उजाडला. संध्याकाळी सिस्टरचा थेट माझ्या मोबाइलवर फोन आला.

"शरयूताई, ही शेवटची. इंदुमती शेजवळ, मसूरची. माझ्याकडची सगळ्यात चांगली आहे, म्हणून आत्तापर्यंत राखून ठेवली होती. हिलाही तुमच्या आईनं मंगळ लावला तर मी हात टेकले."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी सिस्टरच्या ऑफिसात जाऊन इंदूबाईंना भेटले. सावळ्या, रुंद खांद्यांच्या, कपाळावर मोठं गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या.

"इंदूबाई, तुमची जन्मवेळ?"

"मी जल्मले तवा घरात घड्याळ कुनाकडं हुतं? आय म्हनायची, म्हस व्यात हुती त्याच टायमाला मीबी आले. समदी म्हशीकडं पळाली."

झालं! म्हशीच्या वेळेवर कुठली पत्रिका मांडणार? तेव्हा मी जे केलं ते एका वधूवर सूचक केंद्राच्या मालकिणीची मुलगीच करू शकेल. मी इंदूबाईंसाठी पत्रिका बनवायचं ठरवलं.

मला पत्रिका मांडता येत नाही. मुलाच्या आणि मुलीच्या नक्षत्रांवरून कोष्टकात गुण बघता येतात, इतकंच लहानपणी येता-जाता शिकले होते. आईचं नक्षत्र माहीत होतं. तेव्हा सोपा मार्ग हा, की आईच्या वह्या चाळायच्या, तिच्याशी उत्तम जमणारी एखादी जुनी पत्रिका शोधायची आणि उतरवून काढायची. आईच्या वह्यांत नावं नसत, नुसते क्रमांक असत. नावांची वही वेगळी आणि कुलपात. म्हणजे कुणाची चोरली हा प्रश्नच नाही. त्याच दुपारी बँकेत मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी येऊन आई झोपल्याचं बघितलं आणि कपाटातल्या अगदी तळाच्या, सगळ्यात जुन्या वह्या काढल्या. नव्या वह्या आईला तोंडपाठ असण्याची भीती होती. तासभर शोधल्यावर सगळ्यात खालची वही उघडली, तर एक फिकट शाईची पत्रिका सापडली. आईशी छत्तीसपैकी चौतीस गुण! चौतीस गुण आईनं आयुष्यात मोजून पाच-सहा जोडप्यांचे काढले असतील. मी ती कुंडली पिवळ्या कागदावर घरं आखून जशीच्या तशी उतरवली, कडेला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि वर लिहिलं: चि. इंदुमती. कागद जुना दिसावा म्हणून त्यावर थोडा चहाही सांडला. चहा जरा जास्तच सांडला.

"खोटं बोलायचं म्हंजी?" संध्याकाळी सिस्टरच्या ऑफिसात इंदूबाईंनी कागद उलटसुलट करून विचारलं.

"बोलायचं काहीच नाही. फक्त मागितला की द्यायचा."

"बगा हं. मला हसू आवरत न्हाय."

शनिवारी तीन तारखेला चार वाजता सिस्टर आणि इंदूबाई आल्या. मी पोहे केले, पन्हं केलं, जांभळी साडी काढून दिली. आई खुर्चीत बसली आणि बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हे दोन तास गेले की एकतर माझी बॅग भरायची होती, नाहीतर चिपळूणला फोन करायचा होता.

"स्वयंपाकात काय काय येतं?"

"भाकरी येती, कालवन येतंय. वरनभात सगळ्यास्नी येतोय."

"चहा?"

"उकळून काळा करते. ज्याला आवडत न्हाय त्यानं पिऊ ने."

आईच्या ओठाचा कोपरा हलला. मी लगेच सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात मला दिसलं, की आई खुर्चीत अस्वस्थ झालीय. पाचदा पदर सारखा केला. मला ते लक्षण माहीत होतं: तिला मोरीकडे जायचं होतं आणि परक्या बायकांसमोर ते सांगायचं नव्हतं. पहिल्या बाईनं अशाच वेळी "चला आजी, सू करायची का?" असं शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं. साडेअकरा गुण तिला त्यानंतरच पडले होते, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. मी उठणार, इतक्यात इंदूबाईच उठल्या.

"आवो बाई, तुमच्यात मोरी कुठं हाय? लांबनं आलीया, जरा तोंडावर पानी मारते. मला दावता का? मी आपली परकी."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. इंदूबाईंनी हात पुढे केला होता, वाट दाखवणारीचा हात धरावा तसा. आईनं तो धरला. दुसरा हात पाठीमागून कधी कमरेला गेला, वजन कधी तोललं गेलं, मला कळलंच नाही, आई उभी होती आणि ऐटीत म्हणत होती, "या, अशा उजवीकडून या. तिथं पायरी आहे, सांभाळा हं."

दोघी गेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून पाण्याचा आवाज आला, मग आईचा हसण्याचा. दिवाळीपासून मी तो आवाज ऐकला नव्हता. सिस्टर कुजबुजल्या, "हे मी शिकवलेलं नाही बरं का. हे तिचं तिचंच आहे."

परत येऊन आई खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि हात पुढे करून म्हणाली, "पत्रिका?"

इंदूबाईंनी पिवळा कागद दिला.

आईनं चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. बोटानं एकेक घर मोजत गेली.

"इंदूबाई, तुमचं वय काय?"

"पंचेचाळीस धरा."

"शनी तुळेत, गुरू धनूत. ही जोडी साठ वर्षांनी एकदा जमते," आई म्हणाली. "म्हणजे या कागदाप्रमाणे तुम्ही एकतर चोवीस वर्षांच्या आहात, नाहीतर त्र्याऐंशीच्या. चोवीसच्या दिसत नाही. त्र्याऐंशीच्या असाल तर खुर्चीत तुम्ही बसा, मी पोहे आणते."

सिस्टरना ठसका लागला. ग्रहांवरून साल निघतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पोह्यांची बशी हातात धरून नुसती उभी.

"गुण मात्र चौतीस आहेत," आई पुढे म्हणाली. "असणारच. या पत्रिकेशी मी एकतीस वर्षं संसार केलाय."

मग इंदूबाईंनी गालावर हात ठेवला.

"आगं बया! म्हंजी मी तुमचा मालक?"

आणि आई हसायला लागली. चष्मा काढून, डोळे पुसून, खुर्चीच्या हाताला धरून हसायला लागली. इंदूबाई तर पोट धरून खालीच बसल्या. सिस्टर हसत होत्या, ठसकत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. मी माझ्या बापाची पत्रिका चोरून मसूरच्या बाईच्या नावावर केली होती! वही नंबर एक, पान पहिलं. केंद्राचा मुहूर्त म्हणून आईनं पहिली नोंद स्वतःच्या नवऱ्याचीच केली होती. मलाही हसू आलं, इतकं की बशीतले पोहे माझ्याच पायावर सांडले.

हसणं ओसरल्यावर आईनं मला समोर बसवलं.

"आता बोल. ही लबाडी कशासाठी?"

"तू बाईच पसंत करत नाहीस म्हणून. सोमवारी मला बदलीवर—"

"शरयू," आई म्हणाली, "चाळीस वर्षं मी लोकांची वयं, पगार आणि चष्मे लपवलेले पकडतेय. तू बदलीआड लपायला माझ्याकडे आलीस?"

तिनं टेबलाचा खण उघडायला लावला. त्यात केंद्राचा एक अर्ज होता, व्यवस्थित भरलेला. पोस्टानं आलेला, दीड महिन्यापूर्वीच्या तारखेचा. वय चोपन्न. व्यवसाय शिक्षक. ठिकाण चिपळूण. ते टपोरं, नकाशात नद्यांची नावं लिहावीत तसं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. माझी नजर धावत खाली गेली. अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ होती: 'शरयू बावडेकर.'

"गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष, नोकरीवाली, न भांडणारी," आई म्हणाली. "चाळीस वर्षांत हेच वाचलं. त्या रकान्यात नाव लिहिणारा हा पहिलाच."

"त्यांनी मला सांगितलं नाही!"

"कसे सांगतील? मी उलट टपाली कळवलं, की मुलीकडचं उत्तर येईपर्यंत मुलीशी या अर्जाबद्दल बोलायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे. मास्तर माणूस, नियम पाळला."

"असा नियम कुठाय?"

"त्या दिवशी केला."

मी अर्जाकडे बघत राहिले. अक्षरं पुसट व्हायला लागली.

"मग तू बायकांना नाही का म्हणत होतीस?"

"खरं सांगते, निम्मं कारण हे, की परक्या बाईचा हात अंगाला लागणार, याची मला भीती वाटत होती. तुझ्या हाताची सवय झालेली. आणि निम्मं हे, की बाई पसंत पडली असती तर तू बदली बदली करत निघून गेली असतीस. मुलीनं लग्न केलं आणि आईला ते बँकेच्या कागदावरून कळलं, असं सहाशे बारांत एकदाही झालं नाही. मी वाट बघत होते गं. आज सांगेल, उद्या सांगेल. एकेक बाई परत पाठवली की तू आणखी पडेल चेहऱ्यानं पोहे करायचीस, पण बोलायची नाहीस."

"मला लाज वाटत होती. तुला असं टाकून—"

"टाकून काय, मी भंगार आहे? सांग, काय करायचंय तुला?"

"मला लग्न करायचंय, आई."

"मोठ्यानं सांग. इंदूबाईंना ऐकू आलं नाही."

"आलं की," इंदूबाई म्हणाल्या. "पर पुन्यांदा आयकायला बरं वाटंल."

"मला लग्न करायचंय!" मी ओरडलेच. शेजारच्या काकू खिडकीत आल्या आणि "कुणाचं गं?" म्हणाल्या. "माझं!" मी म्हटलं, आणि मग हसत होते का रडत होते, हे आजही सांगता यायचं नाही.

आईनं इंदूबाईंकडे मान वळवली. "आमच्याकडून पसंती आहे. तुमचं काय?"

"पत्रिका जमत न्हाय म्हनला न्हवं?"

"पत्रिका राहू दे. तुम्ही मला मोरी दाखवायला सांगितलीत, तेव्हाच जमलं."

"मग मीबी हाय तयार. पर मी घोरते."

"मीही घोरते," आई म्हणाली. सिस्टरनी झटकन फॉर्म पुढे केला आणि आईचं मन बदलायच्या आत तिची सही घेतली. इंदूबाई त्यानंतर सात वर्षं, आई जाईपर्यंत, त्या घरात राहिल्या. आईला अखेरपर्यंत त्यांनी बाथरूममध्ये कधी 'नेलं' नाही. दरवेळी त्यांनाच कुठली तरी वाट विचारायची असायची.

पण त्या दिवशी अजून एक काम राहिलं होतं. आईनं टेलिफोन जवळ ओढला, अर्जावरचा नंबर बघून स्वतः फिरवला आणि पाठ सरळ केली. आवाज कामाचा, केंद्राच्या मालकिणीचा.

"फडतरे का? नमस्कार. कराडहून द्वारका बावडेकर बोलतेय. आपल्या अर्जासंबंधी. मुलीकडच्यांचा—"

आणि ती थांबली. सहाशे बारा वेळा तिनं हे वाक्य न अडखळता म्हटलं असेल. तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. इंदूबाईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. आई एक घोट प्यायली.

"माझ्या मुलीचा होकार आहे," ती म्हणाली.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आईनं हात वर करून ते थांबवलं, जणू ते समोरच बसले होते.

"ते राहू दे. आधी ऐका. सकाळी उठल्यावर अर्धा तास तिच्याशी बोलायचं नाही. चहा हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. रागावली की भांडी घासते, घासलेली असली तरी पुन्हा घासते. घासू द्यायची. बरं नसलं तर सांगत नाही, कपाळाला हात लावून बघावं लागतं. थंडीत तिचे पाय गार पडतात, मोजे घाल म्हटलं तर घालत नाही, आपणच घालावे लागतात. आणि 'मला काही नको' म्हणाली की समजायचं, हवंय."

ती श्वास घ्यायला थांबली.

"लिहून घेताय ना?"